बॉनेटखाली काही नसतं

गॅरेजांच्या गल्लीत माझ्या सासऱ्यांना कोणी नावाने ओळखत नाही. तिथे ते उस्ताद. हातभर लांबीचा स्क्रू ड्रायव्हर चालू इंजिनावर टेकवायचा, त्याची मूठ कानाला लावायची आणि डोळे मिटून उभं राहायचं, ही त्यांची तपासणी. चाळीस वर्षं त्यांनी डिझेल इंजिनं अशीच तपासली. कोणता व्हॉल्व्ह नीट बसत नाही, कोणत्या बेअरिंगने मान टाकली, हे ते इंजिन उघडण्याआधी सांगतात आणि ते बरोबर निघतं. कधी चुकलं असतं तर मी इथे आवर्जून लिहिलं असतं, कारण त्यांच्या चुका शोधण्यात मी बरीच वर्षं घालवली आहेत.

मी त्यांची सून. वाहन परवान्याच्या कचेरीत सात नंबरच्या खिडकीवर बसते. दोन वर्षांपूर्वी शहराचं नवं वाहन धोरण आलं, तेव्हा लोकांच्या शंका सोडवायला साहेबांनी मला निवडलं. माझा आवाज मोठा आहे आणि मला राग लवकर येतो, त्यामुळे रांग पटपट सरकते, असा त्यांचा हिशोब. मला एक पुस्तिका मिळाली. तिच्यात इलेक्ट्रिक गाड्यांबद्दल अठ्ठावन्न प्रश्न आणि अठ्ठावन्न उत्तरं. महिन्याभरात ती मला तोंडपाठ झाली.

लोक काय काय विचारतात. पावसात गाडीला हात लावला तर शॉक बसतो का, हा प्रश्न दिवसातून चारदा येतो. हृदयाला यंत्र बसवलेल्या माणसाने आत बसावं का. बॅटरी दर दोन वर्षांनी फेकून द्यावी लागते असं मेहुणा म्हणतो, ते खरं का. गणिताचे एक निवृत्त मास्तर तर आकृती काढून घेऊन आले होते. चारही चाकांना डायनॅमो बसवले की गाडी धावता धावता स्वतःच चार्ज होईल, मग हे चार्जिंगचे खांब रोवायचे कशाला, असं त्यांचं म्हणणं. मी त्यांना पंचवीस मिनिटं समजावलं. शेवटी ते म्हणाले की हे वरच्या लोकांना बाहेर येऊ द्यायचं नाहीये, आणि माझ्याकडे दयेने बघत निघून गेले. जगातलं सगळं अज्ञान खिडकीच्या पलीकडे रांग लावून उभं असतं, असं मला तेव्हा वाटायचं.

घरी मात्र माझी अक्कल पाजळायला फारशी जागा नव्हती. सासूबाईंच्या किडन्या तीन वर्षांपासून काम करत नाहीत. सोमवार, बुधवार, शुक्रवार, सकाळी साडेआठ ते साडेबारा डायलिसिस. शुक्रवारनंतर मधे दोन दिवस रिकामे जातात, त्यामुळे सोमवार सगळ्यात वाईट. अंगात पाणी साठतं, घोटे सुजतात, आडवं झालं की धाप लागते. दिवसभराचं पाणी त्या एका छोट्या भांड्यात मोजून पितात आणि तेही पुरवून पुरवून. रविवारी संध्याकाळपासून आमच्या घरात कोणी मोठ्याने बोलत नाही. मी स्वयंपाकघरात असले तरी माझा कान त्यांच्या श्वासाकडे असतो. उस्ताद तर त्यांच्यासमोर खुर्ची टाकून नुसते बसून राहतात.

हॉस्पिटल शहराच्या अगदी मध्यात आहे. आणि नव्या धोरणाप्रमाणे पंधरा वर्षांपेक्षा जुन्या डिझेल गाड्यांना मधल्या भागात बंदी आली. उस्तादांची गाडी एकोणीस वर्षांची. तिचं इंजिन त्यांनी स्वतः तीनदा उतरवून पुन्हा बसवलेलं. बंदीची सूचना कचेरीच्या फलकावर मी माझ्या हाताने चिकटवली आणि त्याच संध्याकाळी घरी जेवताना सांगितली. मग त्यांनी एवढंच विचारलं, की रस्त्यात अडवलं तर गाडी जप्त करतील ते ठीक, पण हिला तिथेच उतरवतील का. आजारी माणसासाठी सवलतीचा अर्ज करता येतो, तो मी केला. तो समितीपुढे गेला आणि अजून तिथेच आहे. माझ्याच कचेरीची समिती.

माझा नवरा मालवाहू जहाजावर असतो, वर्षातले आठ महिने समुद्रात. त्याने तिकडून फोनवर फोन करून एक छोटी इलेक्ट्रिक गाडी घेऊन टाकली. गाडी आली त्या दिवशी उस्तादांनी तिच्याभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि मला चालू करायला सांगितली. मी केली. त्यांनी तो स्क्रू ड्रायव्हर पुढच्या भागावर टेकवला, मूठ कानाला लावली, डोळे मिटले. चालू आहे का, त्यांनी विचारलं. मी हो म्हणाले. समोरचा माणूस श्वास घेत नसावा तसे ते दचकून मागे झाले.

तेव्हापासून त्यांना त्या गाडीची धास्तीच बसली. उघडपणे ते फार बोलत नसत, कारण मी हसायचे. मी हसायचे हे लिहून ठेवायला हवं. पावसात हिला बाहेर काढायची का, हे त्यांनी विचारलं तेव्हा मी खिडकीवरच्या आवाजात उत्तर दिलं, पान नऊ. अर्ध्या रस्त्यात चार्ज संपला तर, याला पान चौदा. एकदा मी भांडी आवरत होते, तेव्हा दारात उभं राहून त्यांनी विचारलं की बॅटरी पेटली तर माणसाला वेळ किती मिळतो. मी सांगितलं की पेट्रोलच्या गाड्यांच्या मानाने या गाड्या पेटण्याचं प्रमाण कमी आहे, आणि आकडेही सांगितले. त्यांनी ऐकून घेतलं आणि पुन्हा विचारलं, पण वेळ किती मिळतो? मी म्हणाले, बाबा, तो प्रश्नच येत नाही. ते गेले. हा प्रश्न पुस्तिकेत नव्हता.

सासूबाईंना गाडी मनापासून आवडली. हादरे नाहीत, वास नाही. दुसऱ्याच फेरीला त्या बोलून गेल्या की आज पहिल्यांदा मळमळलं नाही. उस्तादांनी विचारलं, म्हणजे एरवी मळमळायचं? तेव्हा कुठे बाहेर आलं की त्या डिझेलच्या धुराने सासूबाईंना सुरुवातीपासून उमासे येत होते. एकोणीस वर्षं बोलली कशी नाहीस, असं ते म्हणाले. त्यावर त्या म्हणाल्या, तुमचा जीव होता ना त्या गाडीवर. उस्तादांचा चेहरा पडला. त्या दिवशी परतीच्या वाटेवर त्यांनी गाडी फार जपून चालवली.

गाडीत दोष म्हणाल तर एकच होता. तिचं घड्याळ रोज सकाळी चुकीचं असे. मी रोज लावायचे आणि दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बारापासून सुरू. मी कंपनीला दोनदा फोन केला. त्यांनाही कळेना. मी तणतणत असले की उस्ताद खिडकीबाहेर बघत बसत. या गाडीबद्दल एरवी शंभर शंका काढणारा माणूस घड्याळाबद्दल एक शब्द बोलत नाही, हे खरं तर माझ्या लक्षात यायला हवं होतं.

आमचं घर म्हणजे खाली गाडी ठेवायची जागा आणि त्यांची हत्यारांची खोली, वर तीन खोल्या. मधे एकोणीस पायऱ्यांचा अरुंद, वळणाचा जिना. संध्याकाळी गाडीचं चार्जिंग संपलं की उस्ताद फाटक बघून येतो म्हणत खाली जात आणि दहा मिनिटांनी वर येत. त्या वेळी सासूबाई जिन्याच्या खिडकीपाशी हवेला बसलेल्या असत. तिथून खालची गाडी दिसते.

आता तो सोमवार. पहाटे दुधाच्या टेम्पोवाल्याचा फोन आला. शहराबाहेरच्या चढावर त्याचा टेम्पो बंद पडला होता आणि मागे दूध भरलेलं. उस्तादांचा तो जुना माणूस. त्याने न्यायला मोटरसायकल पाठवली. साडेसातपर्यंत येतो, नाही आलो तर तू घेऊन नीघ, असं मला सांगून ते घाईघाईने गेले.

साडेसात झाले, ते आले नाहीत. मी सासूबाईंना खाली आणायला लागले. एक पायरी, थांबणं, श्वास, मग पुढची पायरी. त्या दिवशी त्यांचे ओठ मला नेहमीपेक्षा काळसर वाटत होते. खाली पोचायला बारा मिनिटं लागली. मी त्यांना खुर्चीवर बसवलं आणि गाडीच्या किल्लीचं बटण दाबलं.

काहीच झालं नाही. पुन्हा दाबलं, तरी नाही. किल्लीच्या पोटात एक साधी लोखंडी किल्ली असते हे मला वाचून माहीत होतं, तिने दार उघडलं. आत पडदा काळा. बटण दाबावं तर दिवाही लागेना. आदल्या संध्याकाळी मी स्वतः बघितलं होतं, बॅटरी पूर्ण भरलेली होती.

सासूबाई खुर्चीवरून म्हणाल्या, त्यांना फोन कर. मी म्हणाले की ते कामात असतील. तोवर मी कंपनीचा नंबर लावला होता आणि कानात संगीत वाजत होतं. त्या पुन्हा म्हणाल्या की त्यांना विचारून बघ. मी हाताने थांबा अशी खूण केली. कंपनीची मुलगी फोनवर आली आणि तिने पुढचं झाकण उघडून बघता का असं विचारलं. मी तिला माझ्या खिडकीवरच्या आवाजात सांगितलं, "अहो, इलेक्ट्रिक गाडीच्या बॉनेटखाली काही नसतं." ती बिचारी बारापर्यंत माणूस येईल म्हणाली.

सासूबाईंनी माझं मनगट धरलं. त्यांचे हात थंड होते.

"एकदा विचार गं त्यांना. रोज संध्याकाळी ते गाडीपाशी काहीतरी करत असतात."

"आई, ही त्यांच्या समजण्यातली गाडी नाहीये," मी म्हणाले.

खरं कारण वेगळं होतं. या गाडीने दगा दिला, हे त्यांना माझ्या तोंडून ऐकवायची माझी तयारी नव्हती. मी सांगत होतो ना, एवढंच ते म्हणाले असते. ते ऐकायला लागू नये म्हणून मी फोन केला नाही.

टॅक्सी मिळायला पन्नास मिनिटं लागली. मधल्या भागात जायचं म्हटल्यावर जुन्या टॅक्सीवाल्यांनी नकार दिला आणि इलेक्ट्रिक टॅक्सी मोजक्याच होत्या. सुरुवातीला लोकांची थोडी गैरसोय होईल, हे पुस्तिकेतलं वाक्य मी शेकडो वेळा म्हटलेलं आहे. टॅक्सीत सासूबाईंना धाप लागली. मान मागे टाकून, तोंड उघडं ठेवून त्या श्वास ओढत होत्या आणि मी प्रत्येक सिग्नलचे सेकंद मोजत होते. आम्ही पोचलो तेव्हा दहा वाजून गेले होते. त्यांना चाकाच्या खुर्चीवरून थेट आत नेलं, ऑक्सिजन लावला, मशीन लावलं. डॉक्टर बाहेर येऊन म्हणाले की फुप्फुसात पाणी शिरायला लागलंय, आता त्यांना इथेच ठेवून घेतो. अजून एक तास उशीर झाला असता तर, एवढं म्हणून ते पुन्हा आत गेले.

पावणेअकराला उस्ताद आले. कोपरापर्यंत हात काळे, कपाळावर ग्रीस. ते गाडी घेऊन आले होते, तीच. त्यांना बघताच मी तोंड उघडलं होतं, पण ते आधी बोलले.

"वायर मी काढली होती. रोज काढतो. आज जोडायची राहिली."

मला आधी काही कळेना. मग त्यांनी सांगितलं. बॉनेटखाली एक लहान बॅटरी असते, कुठल्याही गाडीला असते तशीच. कुलूप, पडदा, दिवे तिच्यावर चालतात आणि तीच मोठ्या बॅटरीला जागं करते. तिची वायर निघाली की मोठी कितीही भरलेली असो, गाडी हलत नाही. त्यांच्या गॅरेजचा नियमच होता, की जी गाडी रात्री आत राहील तिच्या बॅटरीची एक वायर काढून ठेवायची. गल्लीतल्या सगळ्यांना तो नियम त्यांनीच शिकवला. या गाडीचीही ते रोज संध्याकाळी वायर काढत, बॉनेट नुसतं टेकवून ठेवत आणि आम्ही उठायच्या आत खाली जाऊन जोडून येत. घड्याळ म्हणूनच बारापासून सुरू व्हायचं. त्या पहाटे मोटरसायकल दारात उभी होती आणि हात त्या कामाकडे गेलाच नाही. नऊच्या सुमारास घरी पोचल्यावर टेकवलेलं बॉनेट आणि खालची रिकामी खुर्ची बघून त्यांना सगळं समजलं. वायर जोडून, माझा फोन लागेना म्हणून, ते आधी टॅक्सीच्या थांब्यावर आम्हाला शोधत फिरले, आणि मग इथे.

मी ओरडले. हॉस्पिटलच्या व्हरांड्यात, माणसं बघत असताना, सासऱ्यांवर ओरडले. कशासाठी, बाबा, कशासाठी?

ते बाकावर बसले. मांडीवरच्या काळ्या हातांकडे बघत बोलले.

"आमची खोली गाडीच्या बरोबर वर आहे. पेटली तर हिला घेऊन मला खाली यायचंय. मागे एकदा दुपारी उचलून बघितलं. पाचव्या पायरीवर हातच गेले. हिला म्हटलं, गंमत केली." मग थोड्या वेळाने, "तुला विचारलं होतं मी, वेळ किती मिळतो."

वेळेचं नाही, पण बंद गाडीच्या धोक्याचं उत्तर मला पाठ होतं. प्रश्न एकतीस. गाडी बंद केली की मोठ्या बॅटरीचा संबंध आपोआप तोडला जातो, कंपनीने तशी सोयच केलेली असते. म्हणजे इतके दिवस त्यांनी केलेली ती सगळी उठाठेव फुकट होती. वाक्य अगदी जिभेवर आलं. मी त्यांच्या शेजारी बसले आणि ते गिळलं. त्यांच्या हातातली ताकद कधी गेली हे मला माहीत नव्हतं, एका घरात राहून माहीत नव्हतं, आणि मी त्यांना आकडे सांगत बसले होते.

बाराच्या सुमारास आम्हाला आत सोडलं. सासूबाईंचा श्वास खाली बसला होता. नाकात नळी होती. त्यांनी पहिली गोष्ट काय केली असेल, तर नवऱ्याचे हात बघून ते धुऊन या म्हणाल्या. उस्ताद हलले नाहीत. चादरीला डाग लागू नये म्हणून हात मागे बांधून उभे राहिले आणि म्हणाले की माझ्यामुळे झालं हे. त्यांनी वायरची सगळी गोष्ट सांगितली. सासूबाई ऐकत होत्या. मग उस्तादांनी त्यांना विचारलं,

"पण मला फोन का नाही करायला लावलास सुनेला? खिशातच होता माझ्या. दोन मिनिटांत सांगितलं असतं."

सासूबाईंनी माझ्याकडे बघितलं. फार वेळ नाही. मग नवऱ्याकडे वळून त्या म्हणाल्या,

"सुचलंच नाही हो मला."

पाचव्या दिवशी त्या घरी आल्या. हत्यारांची खोली आम्ही रिकामी केली आणि पलंग खाली आणला. आता त्यांना जिना चढावा लागत नाही. एकतीस नंबरचं उत्तर मी उस्तादांना सांगितलं, पण सावकाश, शेजारी बसून. त्यांनी मान डोलावली. त्या दिवसापासून त्यांनी एकाही गाडीच्या बॉनेटला हात लावलेला नाही. गल्लीत गेले तरी बाहेरच्या बाकावर बसून असतात. कोणी इंजिन ऐकायला बोलावलं तर म्हणतात, माझ्यावर भरवसा ठेवू नका, माझ्या हातून माझी बायको जाणार होती. ते हे सगळ्यांना सांगतात, भाजीवाल्यालाही सांगतात. आणि पुढे जोडतात की सून हुशार म्हणून वाचली. कचेरीतही ते पोचलंय. साहेबांनी माझं कौतुक केलं.

हॉस्पिटलला आता मीच नेते, सकाळची रजा टाकून. उस्ताद मागे बायकोच्या शेजारी बसतात. दर वेळी घरातून निघताना मी ठरवते की आज सांगायचं. एवढंच तर वाक्य आहे, बाबा, आई तीनदा म्हणाल्या होत्या तुम्हाला फोन करा म्हणून. परवा मोठ्या चौकात गाडी थांबली होती आणि ते नेहमीप्रमाणे म्हणाले, सून होती म्हणून वाचलीस. मी बाबा अशी हाक मारली. ते काय म्हणून पुढे वाकले. मी आरशात बघितलं. सासूबाई माझ्याकडेच बघत होत्या. त्यांनी हळूच मान हलवली, नको.

काही नाही, म्हणाले मी, आणि सिग्नल सुटल्यावर गाडी पुढे काढली.